रस्ता निर्धास्त, पण खोली कोणाच्या नावावर?

दुबईच्या पूर्व कडेला, शारजाच्या हद्दीला टेकून मुहैस्नाह हा भाग वसला आहे. नाव एक असलं तरी वस्त्या वेगवेगळ्या आहेत. मुहैस्नाह १ आणि ३ मध्ये मुख्यतः बंगले आणि सामसूम रस्ते. मुहैस्नाह ४ मध्ये मध्यम उंचीच्या इमारती, तळमजल्यावर किराणा, लाँड्री आणि सलून, वरच्या मजल्यांवर भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो नोकरदार, आणि बैरुत स्ट्रीटवर मदिना मॉल. मुहैस्नाह २ ला सगळे सोनापूर म्हणतात. ही मजुरांची वसाहत आहे. लाखावर पुरुष तिथे राहतात आणि पहाटे त्यांना घेऊन बांधकामांकडे जाणाऱ्या बसगाड्यांची रांग लागते.

या भागात आणि शेजारच्या अल कुसैसमध्ये महाराष्ट्रातून एकट्या आलेल्या बाया राहतात. कोणी दवाखान्यात नर्स, कोणी शाळेत शिक्षिका, कोणी ब्यूटी पार्लरमध्ये, कोणी एखाद्या ट्रेडिंग कंपनीच्या हिशेबात. शहराच्या मध्यापेक्षा भाडं हलकं आणि मेट्रोच्या ग्रीन लाइनचं एका टोकाचं स्टेशन जवळ, म्हणून पसंती इकडे. हे स्टेशन पूर्वी एतिसलात नावाने ओळखलं जायचं.

एकटी बाई आणि मोठं शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळोखी गल्ली आणि मागून येणारी पावलं उभी राहतात. मुंबई-पुण्यातल्या अनुभवावर घडलेली ही भीती घेऊनच आपल्या मुली विमानात बसतात. मुहैस्नाहमध्ये मात्र धोक्याच्या जागा वेगळ्या आहेत. तिथे बाई अडचणीत येते ती बहुतेकदा चार भिंतींच्या आत: खोलीच्या व्यवहारात, नोकरीच्या करारात किंवा हातातल्या फोनमध्ये.

रस्ता सुरक्षित का आहे?

अमेरिकेच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या ‘महिला, शांतता आणि सुरक्षा’ निर्देशांकात २०२१ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या ९८.५ टक्के स्त्रियांनी आपल्या भागात रात्री एकटीने चालताना सुरक्षित वाटतं, असं सांगितलं होतं. हा आकडा जगात सर्वांत वरचा होता. दुबईच्या लोकसंख्येत दोन तृतीयांशांहून अधिक पुरुष आहेत, हे लक्षात घेतलं तर त्याचं महत्त्व आणखी वाढतं.

त्यामागे तीन कारणं आहेत. पहिलं म्हणजे कायदा. २०२१ च्या गुन्हे व शिक्षा कायद्यातल्या ४१३ व्या कलमात लैंगिक छळाला किमान एक वर्ष कैद आणि किमान १०,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक, अशी शिक्षा आहे. आजच्या भावाने ही रक्कम दोन लाख रुपयांच्या वर जाते. बलात्काराला जन्मठेप किंवा देहदंड आहे. दुसरं कारण नजर. दुबई पोलिसांनी २०१८ मध्ये ‘ओयून’ ही कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू केली. रस्ते, मेट्रो, मॉल, इमारतींची प्रवेशद्वारं, लिफ्ट यांतून फारसं काही सुटत नाही. तिसरं कारण सर्वांत जालीम: शहरातले बहुसंख्य पुरुष परदेशी आहेत आणि त्यांचा तिथला मुक्काम व्हिसावर टांगलेला आहे. गावी कर्ज काढून आलेल्या माणसाला पोलीस ठाणं म्हणजे नोकरी, मुक्काम आणि घरच्यांचा घास एकदम जाण्याची भीती. सोनापूरचे हजारो मजूर सुट्टीच्या संध्याकाळी रस्त्यावर असले, तरी शेजारच्या वस्तीतली बाई बाजारहाट करून निवांत घरी येते, त्यात या भीतीचा वाटा मोठा आहे. सोनापूरकडे संशयाने पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की तिथला माणूसही तिच्यासारखाच पोटासाठी आला आहे आणि तिच्याहून अधिक धास्तावलेला आहे.

मेट्रोत एका टोकाचा भाग स्त्रिया आणि मुलांसाठी राखीव असतो. फलाटावर त्याची गुलाबी खूण असते आणि तिथे घुसणाऱ्या पुरुषाला १०० दिरहम दंड होतो. बसमध्ये पुढची आसनं बायकांची. २००७ पासून गुलाबी छताच्या टॅक्सी धावतात. त्या स्त्रिया चालवतात आणि त्यांत स्त्रिया व कुटुंबंच बसतात. साध्या टॅक्सीतही कॅमेरा असतो आणि फेरीची नोंद राहते.

तरी दोन फटी उरतात. मेट्रो सोमवार ते गुरुवार आणि शनिवारी मध्यरात्री बारापर्यंत चालते, शुक्रवारी एकपर्यंत. रविवारी ती सकाळी आठला सुरू होते. उशिराची पाळी संपवून निघालेल्या बाईला शेवटची गाडी चुकली, की ‘कार लिफ्ट’चा मोह होतो. कोणीतरी ओळखीचा किंवा ओळखीच्याचा ओळखीचा खासगी गाडीतून माणसं आणतो-नेतो आणि महिन्याचे पैसे घेतो. टॅक्सीपेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं. परवाना नसलेली अशी वाहतूक बेकायदा असते. त्या गाडीत काही घडलं तर ना फेरीची नोंद सापडते, ना चालकाची. कंपनीची अधिकृत गाडी नसेल, तर पाळी स्वीकारण्यापूर्वीच रात्रीच्या टॅक्सीचा खर्च पगारातून वजा करून पाहावा.

दुसरी फट हद्दीची. मुहैस्नाहमधून थोडं पुढे गेलं की शारजा. अमिरात बदलली की पोलीस बदलतात, घरभाड्याचे नियम बदलतात. घटना कुठल्या बाजूला घडली, यावर तक्रार कुठे द्यायची हे ठरतं. मुहैस्नाहसाठी जवळचं ठाणं अल कुसैसचं.

पत्त्याची एक युक्ती प्रत्येकीने शिकून घ्यावी. दुबईत पोस्टमन दारात येत नाही आणि ‘अमक्या सुपरमार्केटच्या मागची इमारत’ असेच पत्ते सांगितले जातात. म्हणून नगरपालिकेने प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराला दहा आकडी ‘मकानी’ क्रमांक दिला आहे. दाराजवळच्या छोट्या पाटीवर तो असतो. त्या आकड्यांवरून रुग्णवाहिका किंवा पोलीस थेट त्या दारापाशी पोचतात. राहायला गेल्या दिवशीच पाटीचा फोटो काढावा, क्रमांक फोनमध्ये ठेवावा आणि घरच्यांनाही पाठवावा. छातीत कळ आली किंवा दाराशी कोणी गोंधळ घालत असलं, तर पत्ता समजावत बसण्याइतका वेळ नसतो.

खोली: सगळ्यात नाजूक व्यवहार

मुहैस्नाह किंवा कुसैसमध्ये दिव्याच्या खांबांवर, बस थांब्यांवर चिकटवलेले कागद दिसतात. ‘लेडीज बेडस्पेस. इंडियन ओन्ली. मेट्रोजवळ. वायफाय, गॅस, पाणी धरून.’ खाली फोन नंबर. फ्लॅट एकटीने घेण्याइतका पगार बहुतेकींना नसतो, म्हणून राहणं सुरू होतं ते इथून.

अशा फ्लॅटच्या आत गेलं की पूर्वी जो दिवाणखाना होता, तिथे जिप्सम बोर्डाच्या किंवा प्लायच्या भिंती उभ्या असतात. त्यांतून दोन-तीन ‘पार्टिशन’ निघतात. एकात खिडकी येते, बाकीची नुसती खोक्यासारखी. आतल्या खोलीत दुमजली खाटा. खाटेला पडदा, पडद्यामागे एकीचं सगळं घर: बॅग, देवाचा फोटो, चार्जर, गणवेश. स्वयंपाकघरात फ्रिजच्या कप्प्यांवर नावं लिहिलेली आणि स्वयंपाकाच्या वेळा वाटून दिलेल्या. एका एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री, इंडक्शन आणि तीन फोन. या सगळ्यांच्या वर एक बाई किंवा बुवा असतो: मुख्य भाडेकरू. करार त्याच्या नावावर आणि पैसे रोखीने त्याच्या हातात.

इथे तीन धोके एकत्र येतात. पहिला आगीचा. १५ एप्रिल २०२३ रोजी दुबईच्याच देरा विभागातल्या अल रास भागात एका निवासी इमारतीला आग लागून १६ जणांचा जीव गेला. इमारतीत सुरक्षेचे नियम पाळले गेले नव्हते, असं नागरी संरक्षण विभागाने तेव्हा सांगितलं. परवानगीशिवाय घातलेली पार्टिशनं वाट अडवतात, धूर कोंडतात आणि वायरिंगवर भार टाकतात. नगरपालिका त्यांना मनाई करते आणि जून २०२५ मध्ये देरा, सातवा, अल रफा, अल बरशा अशा भागांत तिने तपासणीची मोहीम काढली होती. म्हणून खोली बघायला गेल्यावर गादी नंतर बघा. आधी बाहेर पडायचा रस्ता बघा. तुमच्या खाटेपासून मुख्य दारापर्यंत अंधारात, हाताने चाचपडत जाता येईल का? दार आतून किल्लीशिवाय उघडतं का? स्मोक डिटेक्टरवर कोणी प्लास्टिकची पिशवी तर बांधलेली नाही ना? शेवटचा प्रश्न चेष्टेचा वाटेल, पण फोडणीच्या धुराने घंटा वाजते म्हणून असे उद्योग केले जातात.

दुसरा धोका कायद्याचा. दुबईत प्रत्येक भाडेकरार ‘इजारी’ या सरकारी नोंदवहीत चढवावा लागतो. ही पद्धत २०१० पासून आहे. २००७ च्या २६ क्रमांकाच्या भाडेकायद्यानुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. मालकाने मूळ भाडेकरूला याच कारणावरून बाहेर काढलं, तर पोटभाडेकरूही बाहेर पडते. भरपाई मागायची ती मूळ भाडेकरूकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईच्या भूमी विभागाने घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं ‘दुबई रेस्ट’ ॲपवर नोंदवायला सांगितलं. तुमचं नाव त्या यादीत आहे का, एवढा एक प्रश्न विचारला की समोरच्याचा खरेपणा कळतो. जो ‘त्याची काही गरज नाही’ म्हणेल, त्याच्याकडे डिपॉझिट देऊ नका. पैसे बँकेतून पाठवा. रोख द्यावेच लागले तर पावती घ्या, निदान व्हॉट्सॲपवर ‘अमुक रक्कम मिळाली’ असं लिहून घ्या.

तिसरा धोका माणसाचा. जिच्या नावावर काहीच नाही, तिला ‘उद्या सामान बाहेर टाकीन’ असं म्हणता येतं. वेळी-अवेळी दार उघडून आत येणारा मुख्य भाडेकरू, भाडं थकलं म्हणून ‘समजुती’ची भाषा बोलणारा एजंट, यांची हिंमत तिच्या याच अडचणीवर पोसते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईचं कुलूप म्हणजे तिचा कागद.

खऱ्या कुलपाचंही महत्त्व आहेच. ऑगस्ट २०१२ मध्ये मुंबईत वडाळ्याला एका तरुण वकील स्त्रीचा तिच्याच फ्लॅटमध्ये खून झाला. आरोपी इमारतीचा वॉचमन होता. त्याने वीज घालवली आणि त्या गडबडीत घराची किल्ली लांबवली, असं खटल्यात पुढे आलं. आपल्याकडच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. मुहैस्नाहच्या इमारतीतही किल्ल्या नातूर म्हणजे वॉचमनकडे, देखभालीच्या कंपनीकडे आणि आधीच्या भाडेकरूंकडे असू शकतात. मालकाला सांगून कुलपाचा सिलिंडर बदलून घ्यावा. खर्च फार नसतो. एसीवाला, गॅसवाला येणार असेल तर आधी मैत्रिणीला फोन लावून ठेवावा आणि त्याच्या देखत तिच्याशी बोलावं. एकटी राहते हे दारात आलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही.

पासपोर्ट, करार आणि पाच दिवस

‘पासपोर्ट ऑफिसात सुरक्षित राहील,’ असं सांगून तो ठेवून घेण्याची जुनी खोड आखातातल्या अनेक मालकांना आहे. अमिरातीत हे बेकायदा आहे. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला, कामगाराची कागदपत्रं ठेवून घ्यायला मनाई आहे. त्याच कायद्याचं १४ वं कलम लैंगिक छळ, दादागिरी आणि शाब्दिक, शारीरिक किंवा मानसिक हिंसेला बंदी करतं. घरकाम करणाऱ्यांसाठी २०२२ चा ९ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा आहे. आठवड्याला एक सुट्टी, रोज १२ तासांची विश्रांती आणि त्यातली सलग ८ तासांची, वर्षाला ३० दिवसांची रजा आणि आपली कागदपत्रं आपल्याच हातात, हे त्यातले हक्क.

छळाला कंटाळून एखादी एक दिवस कामावर जाणंच बंद करते आणि तिथेच फसते. मालक ती ‘फरार’ झाल्याची नोंद करतो, आणि मग तक्रारदारच आरोपीच्या पिंजऱ्यात. कायद्यात याला उपाय आहे. मालकाकडून मारहाण, हिंसा किंवा छळ झाला, तर ४५ व्या कलमानुसार नोटीस न देता नोकरी सोडता येते. अट एवढीच, की पाच कामाच्या दिवसांत तक्रार दाखल झाली पाहिजे. म्हणजे आधी तक्रार, मग दार. मनुष्यबळ मंत्रालयाचा क्रमांक ६००५९०००० असा आहे.

पैशाचा आधार हीसुद्धा सुरक्षितताच. हातात दोन महिन्यांचं भाडं नसलं, की बाई नको त्या नोकरीला आणि नको त्या खोलीला चिकटून राहते. १ जानेवारी २०२३ पासून नोकरी जाण्याच्या विम्याची योजना तिथे सक्तीची आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला फक्त ५ दिरहम हप्ता, आणि नोकरी गेल्यास मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत. अर्थात नोकरी स्वतः सोडली तर हा लाभ नाही. मैत्रिणीच्या कर्जाला जामीन राहणं किंवा दुसऱ्यासाठी कोरा चेक सही करून देणं कटाक्षाने टाळावं; थकलेल्या कर्जापायी देश सोडायला बंदी येऊ शकते.

खरं तर ही काळजी मुंबई विमानतळाच्या अलीकडेच घ्यायची असते. पर्यटक व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करू’ म्हणणारा एजंट पहिल्या पायरीलाच फसवतो, कारण त्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे आणि मुदत उलटली की रोज ५० दिरहम दंड चढतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरीची अट असते आणि घरकामासाठी जाणाऱ्या अशा बाईचं वय किमान ३० हवं. ही अट जाचक वाटते आणि ती चुकवण्यासाठीच पर्यटक व्हिसाची वाट दाखवली जाते. पण ती वाट धरली की सरकारदरबारी तुमची नोंदच राहत नाही.

बॅग भरतानाही भान हवं. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते. आईने दिलेल्या मसाल्यात किंवा दिवाळीच्या अनारशांत ती असेल, तर तो डबा घरीच राहू द्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांवरही कडक निर्बंध आहेत. डॉक्टरची चिठ्ठी सोबत असावी आणि गोळी चालते का हे निघण्यापूर्वी तपासावं. दुसऱ्याचं पाकीट तर घेऊच नये, मग ते नात्यातल्या माणसाचं का असेना. मुंबईचं एक जोडपं जुलै २०१९ मध्ये दोहाला उतरलं, तेव्हा नात्यातल्या एका बाईंनी दिलेल्या पाकिटात चार किलोंवर चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि तुरुंगातच त्यांच्या मुलीचा जन्म झाला. निर्दोष ठरून ते २०२१ मध्ये परतले, पण उमेदीची पावणेदोन वर्षं तिथेच गेली. मिरपूड फवाराही विमानात चालत नाही, आणि मुहैस्नाहच्या रस्त्यावर त्याची गरजही पडत नाही.

फोन हातात, बेडी दारात

भारतात एखाद्याने छेड काढली की त्याचा व्हिडिओ काढून समाजमाध्यमांवर टाकायचा, नाव-गाव उघड करायचं, ही आता रीत झाली आहे. अमिरातीत हे केलं तर तक्रारदार बाईच गोत्यात येऊ शकते. २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर गुन्हे कायदा खासगीपणाच्या बाबतीत फार कडक आहे. ४४ व्या कलमानुसार दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात शिरण्याच्या हेतूने त्याचा फोटो काढणं किंवा प्रसिद्ध करणं याला किमान सहा महिने कैद आणि दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा यांपैकी एक, होऊ शकतो. ऑनलाइन शिवीगाळ आणि बदनामीचा दंड अडीच लाखांपासून सुरू होतो. रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर पाठवलेली एक शिवीही यात येते. म्हणून पुरावा जपा, पण तो पोलिसांसाठी. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, मूळ संदेश पुसू नका आणि कुठेही टाकू नका.

हाच कायदा तुमच्या बाजूनेही तेवढाच कडक आहे. फोटो पसरवीन म्हणून धमकावणाऱ्याला ४२ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि अडीच ते पाच लाख दिरहम दंड आहे. धमकी अब्रूला हात घालणारी असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. अशा माणसाला एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढत जाते. दुबई पोलिसांच्या ‘ई-क्राइम’ सेवेवर घरबसल्या तक्रार करता येते. नाव गुप्त ठेवून बोलायचं असेल तर २००३ पासून चालू असलेली ‘अल अमीन’ सेवा आहे: ८००४८८८.

आणखी एक बारीक गोष्ट. अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश आणि लोकेशन जातं, पण व्हॉट्सॲपवरून साधा किंवा व्हिडिओ कॉल लागत नाही. त्यासाठी बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. साताऱ्यातल्या आईच्या फोनवर ते ॲप आधीच घालून, एकदा लावून बघितलेलं बरं. ऐन वेळी ‘कॉल का लागत नाही’ म्हणून दोन्हीकडे जीव टांगणीला लागतो.

तक्रार करायला बायका का घाबरतात?

तिथल्या बायकांची भीती निराधार नाही. २०१३ साली नॉर्वेची एक २४ वर्षांची इंटिरिअर डिझायनर दुबईत कामासाठी आली होती. तिने बलात्काराची तक्रार दिली, आणि विवाहबाह्य संबंध, मद्यपान आणि खोटा जबाब यांसाठी तिलाच १६ महिन्यांची शिक्षा झाली. जगभर गहजब झाल्यावर तिला माफी मिळाली. पण ‘तक्रार करायला गेलं की आपणच अडकतो’ हा समज आखातातल्या प्रत्येक वसतिगृहात पोचला.

त्यानंतर कायदा बराच बदलला. नोव्हेंबर २०२० च्या सुधारणांनी लग्नाविना एकत्र राहणं गुन्ह्यातून वगळलं. २०२१ च्या कायद्यात सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांवर आपोआप खटला उभा राहत नाही. पती किंवा पालकाने तक्रार केली तरच तो चालतो. म्हणजे विवाहित बाईच्या डोक्यावरची तलवार पूर्ण गेलेली नाही, हे माहीत असावं. पण अत्याचाराची तक्रार करायला जाणारी अविवाहित मुलगी आज २०१३ पेक्षा कितीतरी भक्कम जमिनीवर उभी आहे. नवऱ्याकडून किंवा नातेवाइकांकडून छळ होत असेल, तर २०२४ च्या १३ क्रमांकाच्या कौटुंबिक हिंसा कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो.

तक्रार करताना महिला अधिकारी मागा. अरबीत लिहिलेल्या जबाबावर अर्थ समजून घेतल्याशिवाय सही करू नका. भाषांतर मागणं हा तुमचा अधिकार आहे. शारीरिक अत्याचार झाला असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता थेट पोलिसांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा.

क्रमांक पाठ करण्याइतके थोडे आहेत. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७. तातडीची नसलेली चौकशी ९०१. दुबई पोलिसांच्या ॲपमध्ये एसओएसची सोय आहे. पीडित स्त्रिया आणि मुलांसाठी ‘दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रन’ ही संस्था २००७ पासून निवारा आणि सल्ला देते: ८००१११. भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा चोवीस तासांचा क्रमांक ८०० ४६३४२; लेखी गाऱ्हाण्यासाठी भारत सरकारचं ‘मदद’ पोर्टल. आणि शेवटचा आधार माणसांचा. दुबईत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती-दिवाळीला मराठी माणसं जमतात. गरज पडण्याआधीच तिथे चार ओळखी करून ठेवाव्यात. हक्काने रात्री अकराला फोन करता येईल अशी एक तरी बाई त्याच शहरात असली पाहिजे.

इकडे बसलेल्या आई-वडिलांना आणि भावांना एक सांगणं. ‘रात्री बाहेर पडू नकोस, कोणाशी बोलू नकोस’ या सूचनांनी मुहैस्नाहमधल्या मुलीचं रक्षण होत नाही. उलट काही बिनसलं तर ‘घरी कळलं तर परत बोलावतील’ या धास्तीने ती गप्प बसते, आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पुढच्या फोनवर तिला चार गोष्टी विचारा: पासपोर्ट तुझ्याकडे आहे का? घराच्या नोंदीत तुझं नाव आहे का? इमारतीचा मकानी क्रमांक काय? हाताशी दोन महिन्यांचे पैसे आहेत का? आणि काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, आम्ही तुला बोल लावणार नाही, एवढा शब्द द्या.